खाऊन दाखव

५ फेब्रुवारी

चि. भोंग्या,

फोन करायचा सोडून ही बया पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. कारण ऐक. तू नुसतं "बोल गं ताई" म्हणालास तरी आता ते लिफ्टमधल्या "कृपया दरवाजापासून दूर उभे राहा"सारखं ऐकू येतं. गळ्यावर पोट भरतोस, चांगलंच आहे, पण माझ्याशी बोलताना तो धंद्याचा गळा खुंटीला टांगून ठेवत जा. कागदावर तरी तू माझा भाऊ वाटतोस. शिवाय माझा फोन माझ्या हातात असतो कुठे? तुझ्या भाऊजींचा चार्जिंगला लागला की माझा त्यांच्या नाकासमोर.

बघतात काय, तर पिवळी पट्टी. व्हिडिओचं एक चॅनेल आहे. खालून पिवळी पट्टी पळते आणि वर एक माणूस घसा फाटेस्तोवर सांगतो की आपलं काही खरं नाही, ते लोक आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेत. दुसरं आहे जांभळ्या पट्टीचं. तिथला ओरडत नाही, नाकातून हसतो आणि सांगतो की पिवळे म्हणजे अकलेचे कांदे. दोघांचीही तोंडं दिसत नाहीत, नुसते आवाज. या दोन पट्ट्यांनी आमच्या इमारतीची उभी दोन शकलं केली आहेत. पिवळ्यांचा म्होरक्या आमचा सेक्रेटरी, जांभळ्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. सेक्रेटरीची दाढ गेले कित्येक दिवस ठणकतेय, गाल हा असा टम्म सुजलाय, पण जांभळ्याच्या खुर्चीत बसायचं नाही म्हणून एका बाजूने चावतो. तुझे भाऊजी याला बाणा म्हणतात. मी याला दाढदुखी म्हणते. पिवळे म्हणजे नेमके कोण आणि जांभळे म्हणजे कोण, हे मला अजून समजलेलं नाही, आणि विचारलं तर दोन्हीकडचे सांगतात की जे "ते" नाहीत ते "आपण". घ्या, झालं समाधान.

आता खरी गोष्ट. टाकीवाले काका तुला आठवत असतील. गच्चीवरची पाण्याची टाकी धुणारे, डोक्याला पोहण्याची रबरी टोपी घालून आत उतरणारे आणि आत उतरले की गाणारे. टाकीत आवाज घुमतो म्हणून त्यांना गायला आवडतं, आणि खाली माझ्या शिवणाच्या खोलीपर्यंत ते गाणं पाइपातून येतं. तर गेल्या आठवड्यात पिवळ्या पट्टीने एक व्हिडिओ दाखवला. टोपीवाला माणूस टाकीच्या तोंडाशी उभा राहून पांढरी पूड आत टाकतोय, आणि वर तो ओरडणारा: "पाहा, तुमच्या पाण्यात काय कालवलं जातंय!" टाकीचं झाकण अर्धं हिरवं, अर्धं तपकिरी. तेच झाकण रे, जे मीच दारांच्या उरलेल्या रंगाने रंगवलं होतं आणि हिरवा मध्येच संपला होता. सगळ्या इमारतीने ते ओळखलं.

मी मरमर सांगितलं की बाबांनो, ती ब्लीचिंग पावडर आहे, टाकी धुताना सगळीकडे वापरतात. पण सेक्रेटरीने काकांचं काम बंद केलं. त्याचं बघून आजूबाजूच्या इमारतींनीही. आणि जांभळे त्यांच्या बाजूने उभे राहिले असतील असं वाटलं ना तुला? छे! जांभळी पट्टी म्हणाली, हा पिवळ्यांनीच भाड्याने आणलेला नट आहे, घबराट पसरवायला त्याला टाकीवर चढवलाय. म्हणजे एकांच्या लेखी काका विष घालणारे, दुसऱ्यांच्या लेखी नाटकी. माणसाने चाळीस घरांचा गाळ उपसला, त्याची बाजू घ्यायला एक घर नाही.

काका पुढच्या रविवारी गेटवर येऊन सगळ्यांसमोर बोलणार आहेत. त्याआधी मला एक सरळ उत्तर दे. तू मागे आला होतास तेव्हा नवा कॅमेरा घेऊन गच्चीवर गेला होतास. काका म्हणतात, "ताई, तुमच्या भावानेच माझा व्हिडिओ काढला होता, मी बायकोला दाखवायला मागितलाही होता." तो तुकडा तू कुणाला दिला होतास का? कुणी चोरला का? जे असेल ते कळव, मी गेटवर उभी राहून सांगेन. नुसतं "बघतो" म्हणू नकोस.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताई,

तुझं पत्र वाचून आधी भरपूर हसलो. सेक्रेटरीची दाढ तर फ्रेम करून भिंतीवर लावण्यासारखी आहे.

अगं, तू कशाला जिवाला लावून घेतेस? हे चॅनेलवाले रोज शंभर तुकडे कुठून कुठून उचलतात. मी त्या धंद्यात नाही, पण आजूबाजूला पाहतो. टाक्या सगळीकडे सारख्या, झाकणं सारखी. तुमच्या लोकांना झाकण ओळखू आलं म्हणे! ज्यांना स्वतःच्या बायकोचा वाढदिवस ओळखू येत नाही त्यांना झाकण ओळखू येतं. आणि चेहरा धूसर केलेला असताना नुसत्या टोपीवरून माणूस ठरवतात, म्हणजे धन्य आहे. मी तो व्हिडिओ पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही.

गच्चीवर मी गेलो होतो तो ढग टिपायला. टाकीचं शूटिंग मी केलेलं नाही. काकांचा घोटाळा होतोय. वय झालं त्यांचं, कुणीतरी दुसरा असेल. तू बिनधास्त सांग की माझा भाऊ असलं काही करत नाही.

आणि खरं सांगू? लोकांना हेच हवं असतं. दिवसभर साहेबाच्या शिव्या खाऊन घरी आलेल्या माणसाला संध्याकाळी कुणालातरी शिव्या द्यायला मिळाल्या की जेवण पचतं. त्यांना खरं सांगायला गेलीस तर ते तुलाच बदडतील. काकांना म्हणावं, दोन महिने गप्प बसा, तोवर नवीन काहीतरी येईल आणि हे सगळे ते चघळत बसतील.

भाऊजींना नमस्कार. त्यांच्या पिवळ्या पट्टीलाही.

तुझा भोंग्या

१८ फेब्रुवारी

भोंग्या,

आशीर्वाद वगैरे या पत्रात नाहीत.

रविवारी गेटवर काय झालं ते आधी सांगते, मग तुझ्याकडे वळते. काका आले, सोबत काकू. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते रे, कुणाच्या घरी कामाचं विचारायला जावं तसे. आपली पावडरची पिशवी घेऊन आले, सगळ्यांना दाखवायला. पिवळे एका बाजूला, जांभळे दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येकाच्या हातात फोन उभा. काका म्हणाले, "ही ब्लीचिंग पावडर आहे. आणि तो व्हिडिओ ताईंच्या भावाने काढलाय, त्यांना विचारा, मी काय करत होतो ते."

सगळे माझ्याकडे वळले. तुझं पत्र माझ्या ब्लाउजमध्ये होतं. मी काय म्हणाले असेन? "काका, तुमचा घोटाळा होतोय. माझा भाऊ असलं काही करत नाही. त्याने टाकीचं शूटिंग केलेलंच नाही." तुझेच शब्द, जसेच्या तसे, पोपटासारखे.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनी काकांकडे पाहिलं. सेक्रेटरी सुजलेल्या तोंडाने ओरडला, "पकडला! खोटं पकडलं! एवढी पावडर चांगली असेल तर खाऊन दाखव!" काका म्हणाले, "अहो, ती खायची वस्तू नाही." झालं, पिवळ्यांनी टाळ्या पिटल्या, म्हणजे विषच! आणि दातांचा डॉक्टर, शिकलेला माणूस, सहा वर्षं दातांचा अभ्यास केलेला, तो म्हणतो, "खाणार नाही तो. नटाला फक्त संवाद म्हणायचे पैसे मिळतात." दोन्ही बाजू गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एका सुरात ओरडल्या: खाऊन दाखव, खाऊन दाखव! तुझे भाऊजीही ओरडत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसाचा आवाज मी भाजीवाल्यासमोरही कधी चढलेला ऐकला नाही.

काकांनी मूठभर पूड तोंडात टाकली.

चिमूटभर नव्हे रे मेल्या, मूठभर. संतापाने, अपमानाने, काय म्हणून ते मला माहीत नाही. मग जे झालं ते लिहवत नाही. मी आणि काकूंनी त्यांना रिक्षात घातलं. तोंड, घसा, आतपर्यंत भाजलंय. जीव वाचला, पण आवाज परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. पिवळे म्हणतात, बघा, विषच होतं. जांभळे म्हणतात, अभिनय उत्तम. ही माणसं सकाळी दात घासतात, पोरांना शाळेत सोडतात, एकमेकांना नमस्कार करतात, आणि मी इतकी वर्षं यांच्या पॅंटींना चेन लावत आले.

आता तू. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून तुझं पत्र पुन्हा वाचलं. "मी तो व्हिडिओ पाहिलेला नाही" म्हणतोस आणि "चेहरा धूसर केलेला" तुला ठाऊक. मी माझ्या पत्रात चेहऱ्याचं अवाक्षर लिहिलेलं नव्हतं. घरी येऊन मी दोन्ही चॅनेल लावली, डोळे मिटले आणि ऐकत बसले. एक जाड आवाज, एक नाकातला. दोघंही मोठी थाप मारायच्या आधी क्षणभर थांबतात आणि आवंढा गिळतात. घळ्ळकन. साखर चोरून "मी नाही खाल्ली" म्हणताना तू गिळायचास तसा. आई त्या आवंढ्यावरूनच तुला धरायची, आठवतं? पिवळाही तूच, जांभळाही तूच. दोन्हीकडून चाबूक हाणणारा एकच गडी, आणि मी तुझ्यासाठी गेटवर उभी राहून एका भल्या माणसाला खोटं पाडलं.

हे वाचून मला फोन करू नकोस. तो पूर्ण व्हिडिओ, काकांच्या गाण्यासकट, तुझ्या स्वतःच्या आवाजात सांगून लाव. आणि इथे ये. काकांचं नाव धुतलं गेलं पाहिजे. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताई,

चार वेळा लिहायला घेतलं आणि फाडलं.

हो, दोन्ही मीच. एकच मालक आहे, त्याची दोन चॅनेल. सकाळी पिवळ्याचं लिहून येतं, दुपारी तेच उलटं करून जांभळ्याचं. रेकॉर्डिंगच्या कपाटात गाद्या टांगलेल्या आहेत, आवाज घुमू नये म्हणून. त्यात बसून मी आधी ओरडतो, मग पाणी पितो, मग नाकातून हसतो. पिवळ्यांना चढवलं की जांभळे आपोआप चढतात, मालकाला वेगळं काही करावं लागत नाही.

तुकडा कसा लागला ते सांगतो. दुसऱ्याचा व्हिडिओ लावला की चॅनेल ज्यावर चालतं ते ॲप लगेच चोरी पकडतं आणि व्हिडिओ काढून टाकतं. म्हणून आम्ही शक्यतो स्वतः काढलेले तुकडे वापरतो. त्या दिवशी "पाण्यात विष" असं लिहून आलं होतं, चित्र काही नव्हतं, आणि माझ्याकडे काकांचा व्हिडिओ पडून होता. वाटलं, कोण कुठली टाकी, कोण ओळखणार? चेहरा मी मुद्दाम धूसर केला. तेवढी काळजी घेतली होती गं. झाकण माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुला वाटत असेल मला त्या लोकांची कीव येत नाही. खरंच येत नाही. मी त्यांना काय सांगतो? आज पिवळ्यांना सांगितलं की चंद्र जांभळ्यांनी पळवला, तर उद्या ते गच्चीवर पहारा ठेवतील. मी सोडलं तर उद्या दुसरा कुणी त्या कपाटात बसेल. "खाऊन दाखव" मी म्हणालो नव्हतो. ते तुमच्या गेटवरच्या सभ्य माणसांनी म्हटलं.

काकांसाठी वाईट वाटतं. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारून टोपी सरळ केली होती आणि म्हणाले होते, "घ्या साहेब, चांगला घ्या, बायकोला दाखवतो. तिने मला कामावर कधी पाहिलंच नाही." मी पाठवतो म्हणालो आणि विसरलो.

पूर्ण व्हिडिओ लावायचं म्हणतेस, तर मालक मला हाकलेल. मला थोडा विचार करू दे.

भोंग्या

४ मार्च

भोंग्या,

कर विचार. सावकाश कर. इथे घाई कुणाला आहे?

काकू काल माझ्याकडे आल्या होत्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, खरं सांगा. त्यांनी पाण्यात खरंच काही टाकलं होतं का हो? मला विचारायची लाज वाटते, पण शेजारी सगळे तेच म्हणतात, आणि तुम्ही पण गेटवर म्हणालात की ते खोटं बोलतायत. त्यांना विचारते तर ते नुसते बघत राहतात." इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्या माणसावर काकूंना संशय आलाय, आणि तो त्यांच्या डोक्यात घातलाय तू आणि मी. मी म्हटलं, नाही हो काकू, काही नाही टाकलं. त्या मान हलवून निघून गेल्या. पटलेलं नव्हतं.

टाकी कुणी धूत नाही. नळाला हिरवट पाणी येतंय. पिवळे म्हणतात विषाचा रंग, जांभळे म्हणतात पिवळ्यांनी शेवाळ टाकलं. दोघंही बाटल्या विकत आणतात, आणि दोघंही एकाच दुकानातून.

"खाऊन दाखव" तू म्हणाला नव्हतास, बरोबर. पाणी तू तापवलंस, हात त्यांनी बुडवला, म्हणून तू निर्दोष. वा रे शहाण्या!

तू त्या लोकांना मूर्ख म्हणतोस. मीही म्हणते. पण मी त्यांच्या मूर्खपणावर दोन वेळचं जेवत नाही.

ताई

१९ मार्च

ती. ताई,

तू मागितलंस ते सगळं केलं, आणि काय झालं ते तू पाहिलंसच. पण त्या दिवशी तुझ्या घरून न सांगता निघालो, म्हणून हे लिहितोय.

पूर्ण व्हिडिओ लावला. काका टोपी सरळ करतात, पावडर कालवतात, आत उतरतात आणि गातात, सगळं. माझ्या आवाजात सांगितलं की हे मी काढलं, विषाची गोष्ट बनावट, दोन्ही चॅनेलवरचा माणूस मीच. पिवळ्यांनी खाली लिहिलं की हा जांभळ्यांनी विकत घेतलाय. जांभळ्यांनी लिहिलं, मशीनने बनवलेला आवाज आहे. मालकाने हाकललं, पण हसत हसत. म्हणाला, "तुझा आवाज आमच्याकडे भरपूर भरलेला आहे रे, मशीन बोलेल आता. तिला पाणीसुद्धा लागत नाही." आणि दुसऱ्याच दिवशी पिवळ्या पट्टीवर माझ्याच आवाजाने मला गद्दार म्हटलं. मी कपाटाबाहेर उभा राहून ते ऐकलं.

मग तुमच्याकडे आलो. पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून बोललो. भाऊजी काय म्हणाले ते ऐकलंस ना? "तो आवाज कसा भारदस्त आहे, हा कसला किरटा! मेव्हणा आहे म्हणून सांगतो, याच्यात ते पाणीच नाही." मी तिथल्या तिथे पिवळा आवाज काढून दाखवला, तर सेक्रेटरी म्हणतो, नक्कल बरी करतो! आणि त्या दातांच्या डॉक्टरने माझ्यासोबत फोटो काढून घेतला. मी इतकी वर्षं त्यांना तुच्छ समजत आलो, ताई, आणि त्या फोटोसाठी मीच सरळ उभा राहिलो.

काकांकडे जायची हिंमत झाली नाही. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि परत फिरलो. पूर्ण व्हिडिओ तुझ्या फोनमध्ये ठेवून आलोय. तू दाखव. त्यांना म्हणावं, चूक झाली. काकूंचा तरी विश्वास परत बसू दे. त्यांनी मला माफ केलं का, ते कळव.

भोंग्या

२६ मार्च

चि. भोंग्या,

गेले होते. तुझं काम होतं, ते मी केलं, नेहमीसारखंच.

एकच खोली, खिडकीपाशी काकांची खाट. शेजारी पाटी-खडू, आता ते त्यावर लिहितात. टोपी अजून खिळ्याला टांगलेली आहे. मी काकूंना म्हटलं, काकू, बसा, तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी काकांना कामावर पहिल्यांदा पाहिलं. टोपी सरळ करताना पाहून हसल्या. पावडर पाण्यात कालवतानाही पाहिलं. मग काका आत उतरले आणि गाणं सुरू झालं, ते घुमणारं. काकांनी खाटेवर डोळे मिटले. गाण्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते, बाहेर मात्र काही येत नव्हतं, नुसती हवा. मला रडू आलं, लाज सोडून रडले. मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

काकूंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. पुन्हा लावला. मग फोन माझ्या हातात देऊन हळूच म्हणाल्या, "आवाज त्यांचाच वाटतो. पण हल्ली मशीन करतं म्हणे."

मी म्हटलं, "मशीन नाही हो काकू. माझ्या भावाने काढलाय. काका गेटवर म्हणाले ते शंभर टक्के खरं होतं. मीच चुकले."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "त्या दिवशी गेटवर तुम्ही म्हणालात, भावाने काढलाच नाही. आज म्हणता, भावानेच काढला. ताई, यातल्या कुठल्या तुम्हाला मी खरं मानू?"

काकांनी डोळे उघडले. ते काकूंकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, मी काय म्हणते ते ऐकायला. पाटी त्यांनी हातात घेतली होती.

माफ केलं का विचारतोस. ते ना मला विचारता आलं, ना त्यांनी सांगितलं.

मी म्हटलं, "काकू, आजचं खरं." आणि भोंग्या, तुला सांगते, मी खरं तेच सांगत होते रे. पण ते म्हणायच्या आधी मी आवंढा गिळला, घळ्ळकन, आणि त्या एवढ्याशा खोलीत तो दोघांनाही ऐकू गेला.

ताई